पत्र्याखालची सावली

चैत्रातल्या दुपारी एक वाजता खानदेशच्या हमरस्त्यावर पायी माणूस दिसला, की समजावं, एकतर त्याची गाडी बंद पडली आहे, नाहीतर डोकं. निंबखेड्याची तीस माणसं मात्र चांगली शुद्धीवर होती, पायी होती आणि वर हसतही होती. डोक्यावरून गुडघ्यापर्यंत सोडलेल्या पांढऱ्या ओढण्या, दोघांमध्ये चार-चार हातांचं अंतर, आणि माथ्यावर सेहेचाळीस अंशांचं ऊन. बंद काचांच्या गाड्या शेजारून जाताना हळू होत, आतली माणसं टकमका बघत आणि पुढे निघून जात.

"कितलं ऊन शे वं माय! आणि मला तर गार लागतंय!" दौलतदादा म्हणाले. हे पदयात्रेचे म्होरके. वय सदुसष्ट, गळ्यात शिट्टी. "ज्योत्स्ना, खरं सांग, या ओढणीत बर्फबिर्फ शिवलाय का गं?"

"नाही दादा. तुमच्या अंगातली उष्णता वर चाललीय."

"वर म्हणजे कुठं?"

ज्योत्स्नाने बोट आभाळाकडे केलं. "तिकडं. हवा संपते त्याच्याही पलीकडं."

"म्हणजे मी अजून मेलो नाही, पण माझं थोडं थोडं वर जायला सुरुवात झालीय!" दादा म्हणाले, आणि अख्खी रांग खदखदून हसली.

हसली नाही ती एकटी निर्मलाक्का. ती सगळ्यांच्या पुढे चालत होती, अनवाणी, डोक्यावर वेताची टोपली घेऊन. टोपलीत लाल फडक्यात बांधलेली देवीची साडी होती. सप्तशृंगीचं माहेर खानदेश, म्हणून चैत्रात माहेरची माणसं लेकीला भेटायला पायी गडावर जातात. निंबखेड्याची साडी गेली कित्येक वर्षं अक्काच्याच डोक्यावरून जात होती. पण मधली नऊ वर्षं ती जीपमधून गेली. ऊन असं वाढलं की अकरा ते पाच रस्त्यावर पायी चालायलाच बंदी आली. बाकीची गावं रात्री चालू लागली. अक्का अडून बसली, माहेरचं माणूस लेकीच्या घरी उजेडी जातं, चोरासारखं अंधारात नाही. मग जीप आली, आणि दरवर्षी अक्का जीपच्या मागच्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन, तोंड फिरवून बसायची.

यंदा बंदी उठली ती या कपड्यामुळे. आणि कपडा होता ज्योत्स्नाच्या मागावरचा. ज्योत्स्ना म्हणजे अक्काची धाकटी जाऊ.

कपड्याचं शास्त्र ज्योत्स्नाने शोधलं नव्हतं. ती मालेगावच्या एका कापड संशोधन केंद्रात माग सांभाळायची. शोध तिथल्या मॅडमचा. पण मॅडमनी तिला ते पहिल्या दिवशी समजावलं, तेव्हा ती हातातला चहा विसरली होती. जगातली प्रत्येक ऊबदार वस्तू एक न दिसणारा प्रकाश सोडत असते. दगड सोडतो, भिंत सोडते, माणूस सोडतो. पृथ्वीभोवतीची हवा गोधडीसारखी तो प्रकाश अडवून धरते, म्हणून तर आपण गारठून मरत नाही. पण या गोधडीला एक फट आहे. ठरावीक जातीचा उष्ण प्रकाश त्या फटीतून सरळ बाहेर जातो, कुणी अडवत नाही. आणि बाहेर काय आहे? शून्याखाली दोनशे सत्तर अंशांचा अंधार, ज्याला अंत नाही. या कपड्याच्या धाग्यात काचेचे इतके बारीक मणी होते की ते अंगाची उष्णता नेमकी त्या जातीच्या प्रकाशात बदलून फटीतून बाहेर पाठवत. वरचं ऊन मात्र जवळजवळ सगळं परतवून लावत. हवा कोरडी असेल तेवढी फट मोठी. म्हणजे ज्या हवेने खानदेशाची माणसं वाळवून टाकली, त्याच हवेत हा कपडा सगळ्यात चांगला चाले. भर उन्हात, वीज नाही, बर्फ नाही, आणि कपडा हवेपेक्षा सहा-सात अंश गार.

"फक्त आभाळ दिसायला हवं," मॅडम म्हणाल्या होत्या. "वर काही आलं की फट बंद."

पहिला वार विणून झाला तेव्हा ज्योत्स्ना तो घेऊन केंद्राच्या गच्चीवर गेली. गच्ची तापून तव्यासारखी झालेली. तिने कपडा डोक्यावर घेतला आणि उभी राहिली. मानेवरून गारवा उतरला, हळूहळू, विहिरीच्या पायऱ्या उतरताना लागतो तसा. वर निळं आभाळ होतं आणि काही नव्हतं. आपल्या अंगाची ऊब आत्ता, या क्षणी, चंद्र ओलांडून कुठेतरी चालली आहे, आणि ती कधीच थांबणार नाही, हे तिला कळलं. ती तिथेच बसली आणि रडली. हा कपडा भूषण असताना हवा होता, असं तिला वाटलं.

भूषण तिचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी याच रस्त्यावर, याच महिन्यात गेला. चौथ्या मुक्कामाच्या अलीकडे भेंडाळं नावाचं गाव आहे. तिथे रस्त्याकडेला गावकऱ्यांनी पदयात्रींसाठी पत्र्याची शेड बांधलेली. भूषणला चालता चालता गरगरलं, तेव्हा अक्कानेच त्याला धरून त्या पत्र्याखाली नेलं, मांडीवर डोकं घेतलं, पदराने वारा घातला. गाडी यायला सव्वा तास लागला. तोवर तो गेला. अक्का लग्न होऊन घरात आली तेव्हा भूषण सात वर्षांचा होता. त्याला जेवू घालणं, शाळेत धाडणं, मार खाताना सोडवणं, सगळं तिने केलेलं. दीर कसला, लेकच तो.

आणि दहाव्याच्या दिवशी ज्योत्स्ना, भरल्या घरात, अक्काकडे न बघता म्हणाली होती, "सावली कसली, भट्टी होती ती."

बस, एवढंच. पुन्हा तो विषय दोघींनी काढला नाही. सणावाराला एकत्र पुरणपोळ्या लाटल्या, लग्नांत एकत्र मिरवल्या. पण त्यानंतर अक्का कुठल्या पत्र्याच्या छपराखाली टेकलेली कुणी पाहिली नाही. एसटी थांब्यावरसुद्धा ती बाहेर उन्हात उभी राहायची. लोकांना वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट.

ज्योत्स्नाला ठाऊक होतं. आणि तिला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती.

दिवस चौथा. सकाळीच अक्का ज्योत्स्नाच्या जवळ आली. "देवीची साडी तू विणलीस, काठ चांगला जमलाय हो," ती म्हणाली. अक्काकडून एवढं कौतुक म्हणजे दिवाळीच. ते काम सोपं नव्हतंच. पांढरं लुगडं माहेरहून कोण पाठवतं? रंग दिला की कपडा ऊन पिऊ लागे. तेव्हा सात महिने खटपट करून ज्योत्स्नाने फिका हळदी रंग आणि हिरवा काठ साधला होता. अकरा वार. त्या कपड्यातली जगातली पहिली साडी.

"ओढणी गार लागते ना, अक्का?"

"लागते की," अक्का म्हणाली आणि पांढरा पदर पुढे ओढून भराभर चालायला लागली.

भेंडाळं आलं तेव्हा दीड वाजला होता. ज्योत्स्नाने लांबूनच शेड ओळखली. तेच पत्रे, फक्त जास्त गंजलेले. गावच्या बाया ताक, कैरीचं पन्हं, कळण्याच्या भाकरी घेऊन उभ्या होत्या.

"या, या! सावलीत बसा!"

"कुणी आत जायचं नाही," ज्योत्स्नाने रांगेला बजावलं. "बाहेरच थांबा. पत्रा तापलाय, तो वरून उष्णता सोडतोय, आणि आभाळही झाकतोय. प्या, खा, पण उघड्यावर."

भेंडाळ्याच्या बायांनी तोंडाला पदर लावले. सावली सोडून भर उन्हात उभं राहून ताक पिणारी माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "निंबखेड्याला वेड लागलं का हो?" एकीने दौलतदादांना विचारलंच.

पण टोपलीचं काय? तिथे रिवाज आडवा आला. साडी गावात आली की तिला पाटावर बसवायची, गावातल्या प्रत्येक सवाष्णीने ओटी भरायची, आणि शेवटची ओटी होईतो टोपलीवालीने शेजारून उठायचं नाही. पाट मांडला होता शेडच्या मधोमध. अक्का उंबऱ्याशी क्षणभर थबकली. ज्योत्स्नाने ते पाहिलं. मग अक्का आत गेली आणि पाटाशेजारी बसली. नऊ वर्षांनी साडी पायी आली म्हणून सगळं गाव लोटलं होतं. पत्र्याखाली साठ-सत्तर बाया, वारा बंद.

ज्योत्स्नाला आत जाववेना. पाय उचललाच जाईना. तिने बाहेरूनच हाक मारली, "अक्का, लवकर आटपा!"

"ओटी भरून होऊ दे गं!"

अर्ध्या तासाने आतून ओरडा झाला.

ज्योत्स्ना धावली. त्या पत्र्याखाली शिरली आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ तिच्या डोक्यावर आली. अक्का पाटावर कलंडली होती, एक हात टोपलीच्या कडेवर घट्ट. चेहरा लालबुंद, कातडी कोरडी, ओठ काहीतरी बरळत होते. ज्योत्स्नाने तिच्या डोक्यावरचा पदर ओढला आणि तिच्या बोटांना ते लगेच कळलं. वीस वर्षं कापड चाचपणाऱ्या बोटांना कळणारच. ते साधं सुती होतं. बाजारात मिळतं ते पांढरं सुती.

"अक्का, ओढणी कुठाय?"

अक्काच्या पिशवीत ती होती. घडी न मोडलेली. आणि मग ज्योत्स्नाला सगळं लख्ख समजलं. नवा आंबा देवाला दाखवल्याशिवाय अक्का तोंडात घालत नसे. देवी नेसली नाही तो कपडा ती कशी अंगावर घेणार? चार दिवस, नव्वद किलोमीटर, ती साध्या पदरात चालली होती. जगातलं सगळ्यात गार वस्त्र डोक्यावर टोपलीत बांधून!

दादांनी कानात तापमापी धरली. एक्केचाळीस पूर्णांक चार. त्यांनी फोन लावला. रुग्णवाहिका चाळीस मिनिटांवर होती.

"पाणी ओता!" कुणीतरी म्हणालं. शेडवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका बसावा इतकं तापलेलं.

"उचला," ज्योत्स्ना म्हणाली. "बाहेर घ्या."

"बाहेर? उन्हात?" भेंडाळ्याची एक म्हातारी किंचाळली. "अगं, मारतेस का तिला? सावलीतून उन्हात नेतं का कुणी?"

"उचला म्हणते ना!"

तिचा आवाज ऐकून निंबखेड्याच्या चौघींनी अक्काला उचललं. टोपली मात्र अक्काच्या हातातून सुटेना. बेशुद्धीतही बोटं कडेवर आवळलेली. एका बाईने फडक्याची गाठ सोडायला हात घातला, "अकरा वार आहे, हिचंच छत करा की!" ज्योत्स्नाचाही हात पुढे गेला होता. तेवढ्यात अक्काच्या घशातून आवाज आला, "नको... तिचं आहे..."

ज्योत्स्नाने हात मागे घेतला. एक क्षण ती उभी राहिली, मग स्वतःच्या डोक्यावरची ओढणी काढली. ऊन टाळूवर हातोड्यासारखं बसलं. तिने ओढणीचं एक टोक शेजारणीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर. वर धर, ताणून."

कुणाला काही सांगावं लागलं नाही. दुसरीने काढली. तिसरीने. दौलतदादांनी काढली, शिट्टीत अडकलेली सोडवत. एकीच्या काठावर दुसरीचा काठ, बारा जणांनी हात वर करून अक्कावर छत धरलं. आपापली डोकी उघडी, सेहेचाळीस अंशांत. बाकीचे मागे उभे, पाच-पाच मिनिटांनी हात बदलायला. अक्काची कोरी ओढणी ज्योत्स्नाने घडीसकट पिशवीतच राहू दिली, अंगाखाली दुसरी एक ओढणी घातली. बाटल्यांतलं उरलेलं पाणी शिंपडलं, ओल्या अंगाला भाकरीच्या टोपल्यांनी वारा घातला.

आणि मग ते झालं.

छताखाली गारवा उतरला. वारा घालणाऱ्या बाईने दचकून वर बघितलं. भेंडाळ्याची ती म्हातारी वाकून आत शिरली, हात फिरवला आणि तिथेच बसून राहिली. "माय वं," ती हळूच म्हणाली. "उन्हाच्या पोटात सावली!" शेडमधल्या बाया एकेक करून बाहेर आल्या. भर दुपारी, उघड्या माळावर, एका बाईच्या अंगातला ताप बारा ओढण्यांमधून वर निघाला होता, सूर्याच्या नाकावर टिच्चून, ताऱ्यांमधल्या अंधारात. ज्योत्स्नाला त्याचं शास्त्र पाठ होतं. तरी तिच्या अंगावर काटा आला.

चाळीस पूर्णांक सहा. एकोणचाळीस पूर्णांक नऊ. एकोणचाळीस पूर्णांक दोन. अक्काने डोळे उघडले.

तिने वरचं पांढरं छत पाहिलं, त्याच्या कडेने झिरपणारं ऊन पाहिलं, मान वळवून शेड पाहिली. अक्का हुशार बाई. तिला समजायला वेळ लागला नाही, आणि जे समजलं त्याने तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मला बाहेर आणलंस," ती म्हणाली. "म्हणून मी जगले. म्हणजे भूषणलाही मी तेव्हा... आत नेलंच नसतं तर..."

"नाही, अक्का."

"खोटं बोलू नको."

"खोटं नाही. तेव्हा हा कपडा नव्हता. साध्या कपड्यात उन्हात ठेवलं असतं, तर तो अर्धा तासही टिकला नसता. पत्र्याखाली तासभर तरी टिकला. त्यातल्या त्यात बरी जागा तुम्हीच शोधलीत." ज्योत्स्नाने शेडकडे बघितलं. "मी मोजलंय. इथे येऊन. दोन दिवस यंत्रं लावून, पत्र्याखाली आणि बाहेर. मला वाटलं होतं तुमची चूक निघेल. नाही निघाली."

"कधी आली होतीस?"

आता खरं सांगायची वेळ आली. हीच ती गोष्ट, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. उत्तर हातात आलं त्या दिवशी ती धावत घरी जायला हवी होती. पण राग सोडला तर भूषणचं आपल्याजवळ काय उरेल, या भीतीने ती गप्प बसली होती.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली.

अक्काने तोंड फिरवलं. डोळे मिटले. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. तिला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा तिने टोपलीवरची बोटं एकेक करून सोडली आणि टोपली ज्योत्स्नाकडे सरकवली.

"अक्का, मी? टोपली सवाष्णीनं..."

"देवीच्या माहेरच्या आहोत आपण. ती तुला विचारणार नाही," अक्का म्हणाली. दार लागलं.

अक्काने कपडा घेतलाच नव्हता हे दादांनी लिहून दिलं, तेव्हा कुठे कचेरीकडून पुढे जायला परवानगी मिळाली. उरलेले दोन दिवस ज्योत्स्ना सगळ्यांच्या पुढे चालली. टोपलीचं ओझं फारसं नव्हतं, तरी मान भरून आली. आपण तीन वर्षं काय धरून बसलो होतो, याचा तिने चालता चालता विचार केला, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

गडावर साडी नेसवली गेली तेव्हा तिच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती पायरीवर बसली. देवी कड्याच्या पोटात उभी आहे. वर भलामोठा खडक. तिथे आभाळ दिसतच नाही! सात महिन्यांची मेहनत, आणि साडी तिथे कुठल्याही साडीसारखीच होती. तिने अक्काला फोन लावला. तीन दिवसांनी अक्काने पहिल्यांदाच उचलला.

"नेसली का?"

"नेसली. पण अक्का, तिथं आभाळ नाही. तिला गार नाही लागायचं."

"येडी आहेस. माहेरचं लुगडं लेक गारव्यासाठी नेसते का?" अक्का म्हणाली. मागे कुठेतरी लोखंडावर घाव पडत होते. "नेसली ना? मग आता मी माझी घडी मोडते." फोन बंद झाला.

परतीची जीप भेंडाळ्याच्या वळणाला आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ज्योत्स्नाने सवयीने तोंड फिरवलं.

"अगं, बघ तरी!" दौलतदादा म्हणाले.

शेडवर पत्रे नव्हते. सगळे उतरवून रस्त्याकडेला रचलेले. भेंडाळ्याच्या माणसांना दिवसभर कामाला लावायचं म्हणजे अक्काच हवी. नुसता लोखंडी सांगाडा उभा होता आणि त्याच्या वर उघडं निळं आभाळ. मधल्या चार खांबांना एक पांढरी ओढणी ताणून बांधली होती. तिच्याखाली पाटावर अक्का बसली होती, पाठ टेकून, पाय पसरून. दवाखान्यातून सोडल्याला जेमतेम एक दिवस झालेला, आवाज अजून बसलेला.

ज्योत्स्ना खाली उतरली आणि सांगाड्याबाहेर उन्हात उभी राहिली.

"तीन वर्षं," अक्का म्हणाली. "रोज संध्याकाळी दिवा लावताना मला हा पत्रा दिसायचा. एक शब्द बोलली असतीस."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

अक्काने ओढणीखालची रिकामी जागा हाताने झाडली. अंगाला अंग लावून दोघी बसतील, एवढीच जागा होती ती.

"ये," ती म्हणाली. "किती वेळ उन्हात उभी राहशील? इथं गार आहे."